किती जोर?

"किती जोर हवा, बुवा? आकडा सांगा, तेवढाच देतो."

देवळाच्या ओवरीत बसलेल्या अंबादासबुवांच्या डाव्या हाताला, कोपराखाली, विश्रामने दोन चिकटपट्ट्या लावल्या होत्या. त्यांच्या वायरी त्याच्या मांडीवरच्या डबीत जात होत्या. डबी नसेला वीज देणार, नस स्नायूला हलवणार. पक्षाघाताने दोन वर्षं लुळा पडलेला हात आज पुन्हा पखवाज वाजवणार होता.

बुवा याच ओवरीत पखवाज शिकवत. विश्राम त्यांचा सगळ्यात गुणी शिष्य. पंधराव्या वर्षी भर उत्सवात त्याची सम चुकली आणि बुवांनी याच हाताने त्याच्या कानफटात लगावली. उजवा कान कायमचा गेला. त्याने पखवाज सोडला, इंजिनिअर झाला. बावीस वर्षांनी तो हे यंत्र घेऊन परत आला. खरं सांगायचं तर थोडा तोरा मिरवायलाच.

"पाच," बुवा म्हणाले.

विश्रामने बटण दाबलं. मनगट झुकलं, पंजा पखवाजाच्या कणीक लावलेल्या पुडीवर हलकेच पडला.

"दहा."

ओवरी घुमली.

"बघितलंत? तसूभर कमी नाही, जास्त नाही. तुमच्या हाताला हे कधी जमलं होतं का?"

"नाही जमलं."

विश्रामला वाटलं, बुवा चिडतील. ते चिडले नाहीत. मग त्यालाच कसंतरी झालं.

"पखवाज बाजूला ठेव," बुवा म्हणाले. "जवळ ये. तो कान इकडे कर."

विश्राम नकळत मागे सरकला. इतक्या वर्षांनंतरही... मग स्वतःचीच लाज वाटून पुढे आला. बोटं मात्र डबीवरच होती.

"दोनवर ठेवतो, बुवा."

"बंद कर."

"बंद केलं तर हात हलायचा नाही."

"कर."

त्याने बंद केलं. बुवांनी उजव्या हाताने आपला डावा हात उचलला आणि विश्रामच्या बहिऱ्या कानावर ठेवला. तो घसरू लागला, तसा खालून धरून ठेवला. थंड, जड हात. त्या हाताला काही कळत नव्हतं.

विश्रामचे डोळे भरून आले. बावीस वर्षं त्याने हे रडू कुणाला दाखवलं नव्हतं.

"बुवा... यात तर काहीच जोर नाही."

बुवांनी तो हात कानावरून हलवला नाही.

"त्या दिवशीही एवढाच पुरला असता."