लाल पाण्याची बरणी

“आणि राग निवळायच्या आधीच गेलो तर?” भिकाजीनं विचारलं.

कमालशा फकीर खाडीच्या मुखाशी झोपडी बांधून राहत. चटई विणणारा त्यांचा हात थांबला नाही.

“तर काय होईल?”

“भांडण होईल, बाबा. बाप मरणाच्या दारात, आणि मी त्याच्या उशाशी उभा राहून आग ओकणार. त्यापेक्षा मन शांत करून जाईन. तुमच्यापाशी राहून तेवढं तरी शिकलोय.”

शेवटचं वाक्य त्यानं मान जरा ताठ करूनच म्हटलं.

खाली होडीत त्याची थोरली बहीण बसली होती, यमुनाक्का. पलीकडच्या गावाहून ती निरोप घेऊन आली होती. आबांचं काही खरं नाही. तुझं नाव घेतात. चल.

भिकाजीच्या पोटात मात्र जुना निखारा होता. पोरगा फकिराच्या नादी लागला म्हणून आबांनी त्याचं नाव टाकलं. आई गेली तेव्हा निरोपसुद्धा धाडला नाही. चिता विझल्यावर त्याला परक्याच्या तोंडून कळलं.

“भिकू!” यमुनाक्का खालून ओरडली. “ओहोटी लागलीय रे! अजून किती शांत व्हायचंय तुला? आबा गार पडले की मग होशील होय गार?”

भिकाजीचे कान तापले. त्यानं कोपऱ्यातली काचेची बरणी पुढे ओढली. अर्धीच भरलेली होती.

“हे बघा बाबा. नदीचं पाणी. परवापासून ठेवलंय, हातही लावला नाही. गढूळ पाणी हलवू नये, आपोआप निवळतं. मनाचंही तसंच.”

फकिरांनी बरणी उजेडात धरली. भादव्यातलं पाणी ते. रेती तळाशी गेली होती. वरचं पाणी होतं तसंच, तांबडंलाल.

“निवळलं?”

“...अजून थोडं थांबायला हवं.”

फकीर उठले. लोटा घेऊन समुद्राच्या अंगाच्या खडकांवर गेले आणि लाटेचं पाणी भरून आले. तो लोटा त्यांनी बरणीत उपडा केला. शिवाय मनगटापर्यंत हात घालून चांगलं ढवळलं.

“अहो बाबा! सगळं नासवलंत की!”

फकीर पुन्हा चटईला लागले.

चटईच्या दोन ओळी विणून झाल्या.

मग भिकाजी पुढे वाकला. पाण्यातली माती मातीला धरू लागली होती. आधी बारीक ठिपके दिसले. मग पुंजके झाले, आणि ते भुरभुरत तळाला जाऊ लागले. बघता बघता बरणीतून पलीकडचं दार दिसू लागलं.

“हे कसं झालं?”

“खारं पाणी लागलं की माती मातीला धरते. जड होते, बसते.” फकिरांनी पाती दातानं तोडली. “पावसाळाभर नदी डोंगर धुऊन आणते. वाटेत कधी निवळताना पाहिलीस?”

“नाही.”

“मग कुठं निवळते?”

भिकाजीनं दाराबाहेर पाहिलं. मुखाशी लाल पाणी समुद्राला भिडत होतं. त्याच्या पलीकडे सगळं हिरवं.



“भिकू,” यमुनाक्काचा आवाज आला. आता त्यात टोमणा नव्हता. “होडी चिखलात रुतेल रे. मी निघते. आबांना काय सांगू?”

भिकाजीनं एकदा बरणीकडे पाहिलं. मग त्यानं खुंटीवरचा पंचा ओढला.

“थांब, अक्का! आलो!”

फकिरांच्या पाया पडला. उठताना त्याला राहवलं नाही. बरणीतलं निवळ पाणी त्यानं ओंजळीत घेतलं आणि तोंडाला लावलं. लगेच तोंड वाकडं करून थुंकला.

“बाबा, हे तर खारट झालं!”

फकिरांनी मान वर केली नाही.

“निवळ हवं होतं ना तुला? गोड कुठं मागितलं होतंस...”