काटा फुटला, काटा निघाला

नदीच्या वळणावर एक गाव होतं. थंडीच्या दिवसांत तिथला वारा एका जागी म्हणून ठरत नसे. पेरूच्या पानांत शिरे, शेवंतीला गुदगुल्या करी, कौलांवरून घसरे आणि शेवटच्या खोपटातल्या रेवूच्या फाटक्या झग्यात येऊन थरथरत बसे.

रेवूला वडील नव्हते. आई पहाटेच बागेत फुलं तोडायला जाई. मोठी बहीण इंदूताई उन्हाळ्यात लग्न होऊन नदीपलीकडे गेली होती, आणि आता संक्रांत उद्यावर आली होती. ताईची पहिली संक्रांत. तिला काळी चंद्रकळा नेसवणार, अंगभर हलव्याचे दागिने घालणार, आणि ते दागिने माहेरहून यायचे, असा तिकडचा रिवाज. रिवाज कुणी पाडला कोण जाणे. पाडणाऱ्याच्या घरी साखर उतू जात असणार.

ताईनं निरोप धाडला होता, की नाही जमलं तर राहू दे, मला काही वाटणार नाही. त्या निरोपावरूनच रेवूला कळलं, की तिला फार वाटणार आहे. भरल्या घरात ती मोकळ्या गळ्यानं बसेल आणि मनात म्हणेल, माहेरची माणसं मला विसरली.

घरात होती वाटीभर साखर आणि खळ्यावरून वेचून आणलेले मूठभर तीळ. त्यातली निम्मी साखर रेवूनं आदल्या दिवशीच घालवली होती. तीळ परातीत घेऊन, मंद निखाऱ्यावर ठेवून, वर चमचा चमचा पाक सोडत ती बोटांनी फिरवत बसली होती. पण हलव्याला काटा म्हणून फुटला नाही. तुळतुळीत टकलासारखे दाणे झाले आणि एकमेकांना चिकटले. काटा नाही तो हलवा कसला? त्या नुसत्या साखरेच्या गोळ्या.

रेवूचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती आत जाई, बाहेर येई, चुलीशी बसे, पुन्हा उठे. तशी ती एरवीही चुळबुळीच. बोटं कधी स्वस्थ नाहीत, पाय कधी जमिनीवर नाहीत. सगळे तिला बस म्हणत, आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हणे बागेची राखण करणारी म्हातारी गोदाक्का. तुझ्या आईनं तुला पाळण्यात नाही, भोवऱ्यावर जोजवली असणार, असं ती येता-जाता सुनवायची.

संक्रांतीच्या दिवशी उजाडायच्या बेताला रेवूनं शेगडी उचलली, परात उचलली, उरलेले तीळ आणि साखरेचा पाक घेतला, दागिने ओवायला सुई-दोरा घेतला आणि बागेतली पडवी गाठली. काटा गारठ्यात फुटतो, असं तिनं ऐकलं होतं, आणि बागेइतका गारठा गावात कुठंच नव्हता.

शेवंतीच्या पिवळ्याधमक ताटव्यावर दव लुकलुकत होतं. त्यातला एक थेंब उडाला. या फुलावरून त्या फुलावर, तिथून गुलाबाच्या कळीवर, कळीवरून थेट परातीच्या काठावर. तो थेंब नव्हताच. ती टिकलीएवढी परी होती. साखरेच्या पापुद्र्याचे तिचे पंख, मोतिया रंगाचा घोळदार झगा आणि केसांत केशराची एकच काडी.

"तू पण एका जागी बसत नाहीस?" रेवूनं विचारलं.

"बसले तर विरघळेन," परी म्हणाली. "लवकर माग, काय हवंय तुला?"

रेवूनं ना झगा मागितला ना सोन्याची बाहुली. ताईच्या गळ्यापुरता, हातापुरता, कपाळावरच्या बिंदीपुरता काटेरी हलवा मागितला. परीनं परातीभोवती एक गिरकी घेतली आणि सांगितलं, की सूर्य वर येईपर्यंत परातीतला हात थांबायचा नाही. थांबला, की सगळे काटे गळतील आणि मी पुन्हा दिसायची नाही. आणि हा नियम कुणाला सांगायचाही नाही.

रेवूनं तीळ पसरले, पाक सोडला. बोटं भिरभिरू लागली. चटके बसत होते, पण हात थांबला नाही. आणि बघता बघता एकेका तिळावर काटा फुटू लागला. इवलाले, नाजूक, चांदणीसारखे काटे; काही पांढरेशुभ्र, काही गुलाबी, काही केशरी. परात नुसती लखलखली.

तेवढ्यात गोदाक्का लंगडत आली आणि परातीशेजारीच मटकन बसली. बाभळीचा लांब काटा टाचेत घुसून आतच मोडला होता. तिनं मदत मागितली नाही. तू तुझं चालू दे, असंच म्हणाली. तिला धड दिसत नव्हतं. चाचपडत काटा काढायला गेली, तो आणखी आत गेला, आणि एवढी खमकी म्हातारी, तिच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं.

रेवूनं पूर्वेकडं पाहिलं. आभाळ नुसतं तांबूस झालं होतं. सूर्याचा पत्ता नव्हता. तिनं परातीकडं पाहिलं, आक्काच्या टाचेकडं पाहिलं, पुन्हा परातीकडं पाहिलं. बोटं पाकात फिरतच होती. मग तिनं हात बाहेर काढला.

मागं न बघता तिनं आक्काचा पाय मांडीवर घेतला. सुईनं कातडी हलकेच उकरली, चिमटीत धरून काटा अलगद ओढून काढला, वर ओलं फडकं बांधलं. काटा निघाला, पण आता रेवूच्या डोळ्यांना धार लागली होती. ताईचा मोकळा गळा तिला समोर दिसत होता. कसाबसा धीर करून तिनं मान वळवली.

परातीत हात फिरत होता. गोदाक्काचा, सुरकुतलेला, काळासावळा हात.

"अगं बये, हलवा निखाऱ्यावर टाकून कुणी उठतं का?" आक्का करवादली. "एकीनं हात काढला, की दुसरीनं घालायचा. एवढंसुद्धा शिकवलं नाही कुणी तुला?"

केशरी काडी हलली. परी खुदकन हसली आणि रेवूच्या कानाशी येऊन म्हणाली, "हात थांबायचा नाही, असं म्हटलं होतं मी. कुणाचा, ते कुठं म्हटलं होतं?"

आणि सूर्य वर आला. परातीतला हलवा दुप्पट झाला, चौपट झाला, काठावरून सांडू लागला. परी उन्हात एकदा गुलाबी झाली, एकदा सोनेरी झाली, आणि मग नुसता उजेड उरला.

आई फुलं तोडून पडवीत आली. तिघींनी मिळून हार ओवला, बाजूबंद ओवले, बिंदी ओवली. जाळीदार, काटेरी, चमचमते दागिने केळीच्या पानात गुंडाळले आणि नावेतून पलीकडं नेले. काळ्या चंद्रकळेवर ते असे उठून दिसले, की घरभरच्या बायका ताईभोवती गोळा झाल्या. कुणी हार बघत होती, कुणी बिंदी बघत होती.

इंदूताई मात्र उंबऱ्यात उभ्या असलेल्या त्या तिघींकडं बघत होती.