हौसा आणि तागाची पिवळी फुलं

माळाच्या कडेला हौसा नावाची एक इवलीशी मुलगी आईबरोबर राहायची. त्यांचं एकच शेत होतं. पावसाळाभर ते उघडं पडून असायचं, हिवाळ्यात ज्वारी पेरायची. पाऊस मात्र दरसाल वरची चांगली माती ओढून न्यायचा. मायलेकी ती टोपल्यांनी परत आणून टाकायच्या. खांदे दुखायचे, तरी कणसं बारकीच यायची.

एका दुपारी थकलेली हौसा बांधावर बसली. शेजारी एक परी बसली होती, मातीच्या रंगाची. तिचे चिमुकले पंख धुळीनं माखले होते.

"तू पण दमलीस?" हौसानं विचारलं आणि आपली अर्धी भाकर तिच्यापुढे धरली.

परीनं ती हळूहळू खाल्ली. "माग काहीतरी, बाळ. पण एकदाच मागता येईल. आणि मी सांगेन तसं करावं लागेल."

हौसाला आईसाठी विसावा मागायचा होता. मग तिनं भेगाळलेल्या, फिकट शेताकडे पाहिलं. "आईपेक्षा ही मातीच जास्त दमलीय," ती म्हणाली. "आमच्या मातीला बरं वाटू दे."

परीनं तिच्या ओंजळीत तागाचं चमचमतं बी ओतलं. कितीही पेरलं तरी ते सरेना. "हे आत्ताच पेर. फुलं आली की सगळं पीक मातीत गाड. एकही फूल तोडायचं नाही."

ताग भराभर वाढला. पाऊस पडला, पण मुळांनी माती घट्ट धरून ठेवली. मग सोनपिवळी फुलं लहरली, निळी-जांभळी फुलपाखरं भिरभिरली.

"एवढं सोन्यासारखं पीक गाडायचं?" आई हळूच म्हणाली.

"मातीचं आहे, आये. मातीलाच देऊ."

शेजारच्या नामामामांनी नांगर धरला. हौसा मागून चालत उरलेली रोपं मातीत दाबत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तिनं एकही फूल तोडलं नाही.

ताग कुजला. माती काळी, मऊ झाली. गांडुळं वळवळू लागली. त्यात पेरलेली ज्वारी आईच्या डोक्यावर गेली आणि कणसं मोत्यांनी वाकली.

कापणीच्या सकाळी परी आली. पंख आता हिरवेगार झाले होते. "माती बरी झाली, हौसा," ती म्हणाली. "आता ती तुम्हाला सांभाळील." कोवळ्या उन्हात ती झळाळली आणि त्या उजेडातच विरून गेली.

दुपारी आई ज्वारीच्या पेंढ्यांना टेकली आणि तिचा डोळा लागला. हौसानं तिला उठवलं नाही.