नदीत सोडलेल्या कुबड्या

आपल्या पणजोबांनीही जी कुणाच्या तरी तोंडून ऐकली होती, इतकी जुनी ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

एका नदीकाठी एक गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. आजारी माणूस बरा झाला, की त्याची काठी, कुबडी, खाट, जे काही दुखण्यात वापरलं असेल ते वाजतगाजत नेऊन नदीत सोडायचं. वस्तूबरोबर पीडाही वाहून जाते, असं सगळे मानत.

गावचे पाटील एकदा घोडीवरून पडले आणि पाय मोडून बसले. हैबती सुताराने त्यांच्यासाठी शिसवीच्या कुबड्या केल्या. काखेला टोचू नये म्हणून वर कापसाची गादी, घसरू नये म्हणून खाली चामड्याची टोपी. चार महिन्यांत पाटील खडखडीत बरे झाले. कुबड्या नदीकडे निघाल्या तेव्हा हैबतीने हात जोडून सांगितलं, की नदीत सोडण्यापेक्षा त्या कुणा गरजवंताला द्याव्यात. पाटील मनाने चांगले होते. ते म्हणाले, माझं दुखणं मी दुसऱ्याच्या गळ्यात कसं बांधू? आणि त्यांनी कुबड्या पाण्यात सोडल्या.

पुढच्या वर्षी गावची सुईण गजाबाई ओट्यावरून घसरली. पंचक्रोशीतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. हाडवैद्याने पाय बांधला, हाड सांधलं, पण आधाराशिवाय तिला पाऊल टाकता येईना. नेमका त्याच वेळी लाकूड तासताना हैबतीचा उजवा हात वाकसाने कापला होता. कुणी बाभळीची दोन फाट्यांची दुबेळकी फांदी तोडून दिली. ती काखेत रुतली आणि दुसऱ्याच दिवशी मोडली. गजाबाई पुन्हा पडता पडता वाचली.

इकडे पाटलांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण. पोर घाबरून गेली होती. गजाबाईला खाटेवर घालून आणू म्हटलं, तर गजाबाईच नको म्हणाली. बाळंतिणीजवळ उभं राहावं लागतं, इकडून तिकडे फिरावं लागतं, मी आडवी पडून काय करू, असं तिचं म्हणणं. तेही खरंच होतं.

पाटील हैबतीकडे गेले. काहीतरी कर म्हणाले. हैबतीने आपला बांधलेला हात दाखवला.

"पाटील, लाकूड बुडत नाही," तो म्हणाला. "खालच्या गावात मी माझ्या हातचं काम चालताना पाहिलंय. तिथे धुरपदा कोळीण राहते, तिला भेटा."

पाटील सकाळीच निघाले. नदीच्या वळणावर धुरपदाची झोपडी होती आणि शेजारी एक छप्पर. छपराखाली काठ्या, खाटा, एक पाळण्यासारखी डोली, सगळं तेलपाणी करून नीट लावलेलं. पाटलांनी आपण वरच्या गावचे, एवढंच सांगितलं. म्हातारी खूश झाली.

"मोठी दिलदार माणसं तुमची," ती म्हणाली. "दरवर्षी काही ना काही पाठवतात. फक्त निरोप धाडत नाहीत."

पाटलांनी मान खाली घातली. कोपऱ्यात त्यांच्याच शिसवीच्या कुबड्या उभ्या होत्या. धुरपदाने सांगितलं, की एका नावाड्याने त्या सहा महिने वापरल्या आणि परवाच आणून दिल्या, आता तो पुन्हा नाव वल्हवतो. मग पाटलांनी सगळं कबूल केलं. आपण कोण, कुबड्या कुणाच्या, त्या कशा सोडल्या. शेवटी मनातली भीतीही विचारली. यांच्याबरोबर दुखणं तर येणार नाही?

धुरपदा हसली. "या छपरात तुमच्या गावच्या सतरा वस्तू आल्या. त्यांच्याबरोबर आला तो फक्त ओलावा. तो मी उन्हात घालवला."

पाटील कुबड्या खांद्यावर टाकून उठले. तिने मागितलं काहीच नाही. गजाबाई बरी झाली, की पुढच्या माणसाला द्या, एवढंच सांगितलं.

आठवड्यात गजाबाई कुबड्यांवर अंगणभर फिरू लागली. गादी थोडी दबली आहे, म्हणून तिने पाटलांना दोन शब्दही सुनावले. नवव्या दिवशी निरोप येताच ती आपल्या पायांनी पाटलांच्या घरी गेली. सूर्य माथ्यावर यायच्या आत घरात बाळाचं रडणं ऐकू आलं आणि सगळं घर हसलं. मुलगी झाली होती.

पाटलांनी चावडीशेजारची एक खोली झाडून घेतली. बरं झालेल्याने आपली वस्तू तिथे आणून ठेवावी, लागेल त्याने न्यावी, असं गावाला सांगितलं. सुरुवातीला लोक बिचकले. पण पाटलांच्या कुबड्या गजाबाईकडून एका गुराख्याकडे गेल्या, त्याच्याकडून एका आजोबांकडे गेल्या, आणि कुणाचंच काही वाईट झालं नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. हात बरा झाल्यावर हैबती मोडकंतोडकं तिथेच बसून दुरुस्त करू लागला.

ती खोली बहुतेक रिकामीच असे, कारण आलेली वस्तू तिथे फार दिवस टिकत नसे. पाव्हणे आले, की पाटील त्यांना ती रिकामी खोली मोठ्या अभिमानाने दाखवत.

तात्पर्य: आपली गरज संपली, म्हणून वस्तूचं काम संपत नाही.