पिशवीत गेलेले पंप

एका तरुण संशोधिकेला पंपाचे भारी वेड होते. तिने तळहाताएवढे एक यंत्र घडवले होते. त्यात सुतळीएवढ्या बारीक नळीचे कडे. कड्याची एक बाजू कढत, दुसरी कोमट. रुग्णाचा नमुना या दोन्ही बाजूंतून फिरत राहिला, की त्यातल्या जंतूच्या डीएनएच्या एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा प्रती होत आणि रोग ओळखता येई. नमुना फिरवण्यासाठी बसवलेला पंप मात्र तासाभरात बॅटरी संपवून गप्प बसे. डोंगरातल्या दवाखान्यात दोनदा फजिती झाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावले, "परवा शेवटची संधी. माझे तापाचे रुग्ण निकालासाठी आठ-आठ दिवस ताटकळतात."

तिने घाईने मदतीला दुसरा पंप जोडला. तोही रुसला, तेव्हा रडकुंडीला येऊन तिने आपल्या वृद्ध गुरूंचे घर गाठले.

गुरूंनी यंत्र न्याहाळले, दोन्ही पंप काढले आणि शांतपणे आपल्या भाजीच्या पिशवीत टाकले. मग आडवे पडलेले यंत्र उभे करून ठेवले.

"अहो सर! तीन वर्षं घातलीत मी त्यात!"

"चहा घेशील ना?" म्हणत त्यांनी काचेच्या भांड्यात पाणी घेतले, भांड्याची एकच कड आचेवर ठेवली आणि चिमूटभर पूड टाकली. तिने सवयीने चमचा उचलला. "ढवळू नकोस. नुसतं बघ."

पूड आचेच्या बाजूने वर चढली, पलीकडे सरकली, थंड बाजूने खाली उतरली, पुन्हा वर निघाली.

"कोण ढवळतंय?"

"कोणीच नाही," ती म्हणाली आणि थबकली. "सर, उष्णता!"

"तापलेलं हलकं होऊन चढतं, निवलेलं जड होऊन उतरतं. एक बाजू तू तापवतच होतीस, बाळ. पण यंत्र आडवं निजवलंस, मग त्या उष्णतेनं चढावं कुठे? कामाचं माणूस घरातच होतं आणि तू बाहेर मदतनीस शोधत होतीस."

ती स्वतःवरच खळखळून हसली. चहा तसाच निवला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात यंत्र उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी कान लावला. "आवाज नाही. बंद पडलं वाटतं?"

"नाही बाई, फिरतंय."

दुपारच्या आत पहिल्या रुग्णाच्या हातात योग्य औषध पडले. ते पाहून तिचे डोळे भरून आले.

आपणही नवा पंप आणण्याआधी एकदा पाहावे, आपले यंत्र आडवे तर पडलेले नाही ना.