नथ कुणाची, तीर कुणाचा

एके काळी नऊवारी नेसून लावण्या गाजवणारा शिवदास लोणंदकर आता टीव्हीवर, भरल्या प्रेक्षागृहासमोर, पुढाऱ्यांना धारेवर धरायचा. एकदा त्यानं आरोग्यमंत्र्यांनाच विचारलं, "साहेब, खडकेवाडीची बाळंतीण दवाखान्याच्या दारात तडफडून मेली. डॉक्टर कुठं होता?"

साहेबांनी डोळ्यानंच खुणावलं, तशी पहिल्या रांगेतली त्यांची कार्यकर्ती ठसठशीत नथ सावरत उठली. "नथ घालून नाचणाऱ्यानं साहेबांना जाब विचारायचा?"

शिवदासचं डोकं सणकलं. "ताई, नथ मीही वीस वर्षं घातली. पण माझ्या नथीतून कुणा भेकडाला तीर मारू दिला नाही!"

बाईंचा चेहरा उतरला. खाली न बसता त्या साहेबांकडे वळल्या.

"सांगा की साहेब, डॉक्टर कुठं होता?"