कोतवालाची पाठ

विहिरींवर मोटा चालायच्या, तेव्हाची गोष्ट. एका बाभळीवर सुगरणींचे खोपे लोंबत होते. शिक्रा दिसला की ओरडायचं, एवढ्याच कामासाठी त्यांनी कोतवाल पक्ष्याला शेंड्यावर जागा दिली होती.

पण हळूहळू कोतवाल आभाळ सोडून खोप्यांकडेच बघू लागला. "हे बंद खोपे मोडा! माझ्यासारखी उघडी घरटी बांधा. आत कोण काय करतं, मला दिसलं पाहिजे."

तो दरडावत असतानाच मागून शिक्रा झेपावला. बंद खोप्यांवर नख्या घासून रिकामाच परतला.

म्हातारी सुगरण ताठ मानेनं म्हणाली, "कोतवाला, इथला खोपा ज्याचा त्यानं विणलाय, आणि तो असाच राहील. तू आभाळ बघ."

कोतवाल आभाळाकडे वळला. तेव्हापासून त्याची पाठ खोप्यांकडे असते.